सत्कार नको, शेरा बदला

कोल्हापूर जिल्ह्यात महिला आरोग्य शिबिरं भरवणारे अधिकारी, डॉक्टर, संस्था आणि मंडळं यांस,

स.न.वि.वि.

पत्राच्या मायन्यात ‘विनंती विशेष’ लिहायची आपली जुनी रीत. मी ती मुद्दाम पाळते आहे, कारण मागच्या महिन्यात तुमच्या शिबिरात माझ्या कार्डावर शेरा पडला तो ‘विशेष काही नाही’ असा.

वजन ५२. बीपी ११८/७६. साखर ९६. हिमोग्लोबिन १२.१. सगळं मिळून चार मिनिटं लागली. डॉक्टरांनी विचारलं, “काही त्रास?” मी म्हटलं, “थकवा येतो. सारखाच. झोपून उठल्यावरसुद्धा.” त्यांनी फॉर्मवर वरून खाली नजर फिरवली. हे लिहायला तिथे रकानाच नव्हता. मग म्हणाले, “वयानुसार होतं ताई. सात-आठ तास झोप घ्या, योगासनं करा, स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा.” शेरा, सही, पुढचा नंबर.

परवा निरोप आला की पुढच्या शिबिरात ज्यांचे सगळे आकडे बरोबर आहेत अशा बायकांचा ‘निरोगी गृहिणी’ म्हणून साडी आणि प्रमाणपत्र देऊन सत्कार होणार आहे, आणि यादीत माझं नाव आहे. हा सत्कार मी घेणार नाही. का घेणार नाही ते चार लोकांसमोर सांगायला हवं, म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत संकलनाचं काम बघते. वय ४७. सकाळी साडेपाचला मशीन चालू करायचं, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा. घरी सासूबाई चार वर्षं अंथरुणाला आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे दवाखान्यातून सोडतानाच सांगितलं होतं. आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पाळीवर असतात. दिवसपाळी असली की रात्रीची एक वेळ ते उठतात, बाकीच्या माझ्या. कूस बदलली की सासूबाई डाव्या हाताने माझं मनगट धरतात. डोळा लागेपर्यंत सोडत नाहीत. त्यांची बोटं सैल पडायची वाट बघत मी तिथेच भिंतीला टेकून बसते, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. त्यांच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. पण सलग तीन तास झोपले अशा रात्री मला चार वर्षांत बोटांवर मोजता येतील, आणि तुम्ही मला सात-आठ तास झोपायला सांगितलंत.

फेब्रुवारीत मी ११३ नंबरच्या सभासदाचं दूध लागोपाठ तीन सकाळी १३१ नंबरवर चढवलं. दहा दिवसांचं बिल कमी आलं म्हणून ती बाई विचारायला आली. नोंदी उलगडून बघितल्या, चूक माझीच होती. अठरा वर्षांच्या कामात असं झालं नव्हतं. बिल दुरुस्त केलं, तिची माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे वैनी. परवा मी चहात मीठ टाकलं. डोस्क्याचा नुस्ता भुगा झालाय बगा.” तिला दोन म्हशी, एक गाय, नातू सांभाळायला आणि ऊसतोड संपेपर्यंत पाल्याची वैरण वाहायची. तीही तुमच्या शिबिरात आली होती. तिचं हिमोग्लोबिन १०.४ आलं. तिला सांगितलं गेलं, “बायकांचं एवढं असतंच,” आणि तीस गोळ्यांची पट्टी हातात पडली.

दूध संस्थेत बसून मला एक गोष्ट रोज दिसते. एरवी साडेसात लागणारी म्हशीची फॅट साडेसहावर आली की घरात लगेच विचारपूस सुरू होते. वैरण बदलली का, पाणी कमी पडलं का, ऊन लागलं का, धारेला नवीन माणूस बसलं होतं का. जनावरांचा डॉक्टर गोठ्यात येतो. जनावर ताणावर आहे, सावलीत ठेवा, असं तो म्हणाला की घरातलं प्रत्येक माणूस ऐकतं. उन्हाळ्यात गोठ्यात पंखा लागतो, बसायला खाली रबरी मॅट येते. ताण येतो आणि तो दुधात उतरतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच म्हशीच्या कासेखाली पहाटे उकिडवी बसलेल्या बाईला हा नियम लागू होतो, असं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिली गोष्ट तुमच्या ‘नॉर्मल’ची. शिबिरानंतर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोल्हापुरात एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी बीपी नाही बघितलं. आधी विचारलं, “रात्री किती वेळा उठता?” मग पाळीचं विचारलं, जेवण कधी होतं ते विचारलं, आणि थायरॉईड, बी-१२ आणि फेरिटिन तपासायला सांगितलं. फेरिटिन म्हणजे अंगात साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन हे रोजच्या डब्यातलं पीठ धरा, फेरिटिन ही कणगी. डबा भरलेला दिसतो तोवर कणगी रिती झाल्याचं कळत नाही. माझी कणगी रिती होती. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जाऊ लागतं, झोप विस्कटते, आणि बाई ते अंगावर काढते. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि नुसत्या त्यानेही माणूस गळून जातं. हे तुम्हा डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी माझ्या कार्डावर ‘विशेष काही नाही’ आलं.

ताणाचंही त्यांनीच समजावून सांगितलं. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. सकाळी ते चढतं म्हणून आपण उठून कामाला लागतो, रात्री उतरतं म्हणून झोप येते. संकट आलं की ते वाढतं, आणि तसंच वाढायला हवं. पण संकट चार वर्षं उठायचं नाव घेत नसेल तर हा चढउतार बिघडतो. अंग दमलेलं आणि डोकं जागं, अशी गत होते. पुढे त्यातूनच बीपी, साखर, पाळीच्या तक्रारी, नैराश्य यांना वाट मिळते. म्हणजे तुम्ही शिबिरात ज्या आकड्यांची वाट बघता, ते यायच्या कितीतरी वर्षं आधी बाई येऊन “दमले” म्हणून सांगत असते. त्या डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, “लोहाच्या गोळ्या देते, पण निम्मं दुखणं घरात आहे, ते चिठ्ठीवर लिहिता येत नाही.” माणूस चांगलं, पण हे वाक्य मला तिथेच खटकलं. का लिहिता येऊ नये? दर दोन तासांनी उठावं लागतं ही माझ्या शरीराबद्दलची माहिती आहे, बीपीइतकीच.

दुसरी गोष्ट, ‘बायकांचं एवढं असतंच’. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, ही व्याख्या आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. निम्म्यापेक्षा जास्त बायकांत आढळलं म्हणून ते सर्रास झालं म्हणा, ठीक झालं म्हणू नका. ११३ नंबरच्या बाईला चालताना धाप लागते, आणि तिला ती धाप बाईपणाचाच भाग वाटते, कारण तपासणाऱ्यानेच तसं सांगितलं. त्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहाने लोह अंगी लागत नाही, एवढंसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज सकाळी चहाबरोबरच घेत होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली आहे. ‘स्वतःसाठी वेळ काढा.’ कुठून काढू? २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बाईची त्यात १३७ मिनिटं, काळजी घेणाऱ्या पुरुषाची ७५. वेळ काढायचा तर तो कुणाच्या तरी वेळेतून काढावा लागतो, आणि तुम्ही सल्ला देता तेव्हा समोर एकटी बाई बसलेली असते. तिचा नवरा, मुलगा, दीर यांना तुम्ही कधी बोलावलं आहे का? योगासनांना माझा विरोध नाही. रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या बायका बघून मला बरंच वाटतं. पण झोपेचे दोन तास मोडून योगासनं करायची असतील तर मला झोप हवी. आणि सल्ला पाळता आला नाही की थकव्यावर अपराधीपणा चढतो. मी शिबिरातून परत येताना तोच घेऊन आले होते. मीच कुठे तरी कमी पडते आहे असं चार दिवस वाटत राहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, ‘बर्नआउट’ हा शब्द आहे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून येणारी अवस्था, असा त्याचा अर्थ. आणि तिथेच बजावलं आहे की तो नोकरीधंद्यापुरताच वापरावा, आयुष्यातल्या इतर गोष्टींना लावू नये. म्हणजे दूध संस्थेतल्या मशीनपुढे दमले तर माझ्या दमण्याला नाव आहे. घरी येऊन त्याच हातांनी सासूबाईंची कूस बदलताना दमले तर नाही.

चौथी गोष्ट मनाची. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरते, म्हणजे बीपी, साखर अशा आजारांचा धोका ओळखायची सरकारी प्रश्नावली. त्यात दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस वाटेनासा झाला आहे का, आणि उदास, निराश वाटतं का. चांगले प्रश्न आहेत. पण ते विचारले जातात उंबऱ्यात, सासरा सोप्यात बसलेला असताना. तिथे कुठली सून हो म्हणेल? आशाताईचाही यात दोष नाही. तिच्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा असतो, मानधन तुटपुंजं आणि तेही वेळेवर नाही, आणि तिच्याही घरी चूल आहे. हे प्रश्न एकांतात विचारण्याची सोय करणं हे तुमचं काम. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यात २३,१७८ गृहिणी होत्या. निम्म्याहून जास्त. त्यातल्या कितीजणींनी आधी कुठल्या तरी टेबलापुढे बसून “थकवा येतो” म्हटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. शिबिर अकरा ते दोन. त्या वेळेला बाई रानात असते, इचलकरंजीत मागावर असते, हुपरीत चांदीच्या कामावर मान मोडून बसलेली असते, कागलच्या एमआयडीसीत पाळीवर असते. येतात त्या ज्यांना येणं जमतं त्या. सगळ्यात दमलेली बाई तुमच्या नोंदवहीत येतच नाही.

अजून एक, आणि हे लिहिताना मला बराच वेळ लागला. २०२२ च्या नवरात्रात राज्यभर १८ वर्षांवरच्या महिलांची तपासणी झाली, अभियानाचं नाव होतं ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. काम चांगलं होतं. आमच्या गल्लीतल्या दोघींना बीपी असल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तुमचा ‘निरोगी गृहिणी’ सत्कारही चांगल्या मनानेच ठरला असणार. पण दोन्हीकडे बाईची तब्येत घरासाठी मोजली जाते. वर मी म्हशीचं लिहिलं. म्हशीची एवढी काळजी घेतली जाते ती दूध कमी होऊ नये म्हणून. मला ती रीत नको. उद्या घरात माझी कुणाला गरज उरली नाही, तरी माझं अंग मला दुखतंच ना?

आपल्या भाषेत ‘निरोगी’ आणि ‘स्वस्थ’ असे दोन शब्द आहेत. निरोगी म्हणजे रोग नाही. स्वस्थ म्हणजे आपल्या ठायी निवांत असणं. १९४८ मध्ये लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतसुद्धा आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, शरीर, मन आणि समाजातलं जगणं तिन्ही सुस्थितीत असणं, असंच म्हटलं आहे. आमच्या घराघरांत मात्र बाई जरा टेकली की विचारतात, “स्वस्थ काय बसलीस?” स्वस्थ असणं हा बाईवरचा आरोप झाला आहे. मी निरोगी असेन, कार्ड तसं सांगतं. स्वस्थ मी नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

‘निरोगी गृहिणी’ सत्कार रद्द करा. साड्यांच्या पैशात फेरिटिन आणि थायरॉईडच्या जेवढ्या होतील तेवढ्या तपासण्या करा, आणि ज्या बायका थकव्याची तक्रार घेऊन येतात त्यांच्यापासून सुरुवात करा.

फॉर्ममध्ये तीन ओळी वाढवा. रात्री सलग किती तास झोप होते. घरात अंथरुणाला कोण आहे आणि त्यांचं कोण करतं. थकवा किती दिवसांपासून आहे. याला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. लिहिलं गेलं तर मोजलं जाईल, आणि मोजलं गेलं तर जिल्ह्याच्या आराखड्यात कधीतरी त्याला जागा मिळेल.

शिबिर संध्याकाळी सातनंतर घ्या. आडोशाचं एक टेबल ठेवा, तिथे समुपदेशक बसू दे आणि सीबॅकमधले ते दोन प्रश्न तिथे विचारले जाऊ देत. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, नंबरवर दिवसरात्र कधीही फुकट बोलता येतं, मराठीतही. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि आमच्या दूध संस्थेत येणाऱ्या एकाही बाईला ती माहीत नव्हती. मी एकेकीला विचारलं. हा नंबर दहा दिवसांच्या बिलावर छापायला मी आमच्या संचालकांना अर्ज दिला आहे. तुम्ही सगळ्या संस्थांना कळवा, बायका तो कागद जपून ठेवतात.

आयुष्मान आरोग्य मंदिरातून, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रातून, द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी येते. मग आठवड्यातून एकदा तरी माणूस घरी पाठवा. सासूबाईंच्या पाठीची जखम बघायला, आणि त्यांना उलटंपालटं करायची रीत माझ्या नवऱ्याला आणि मुलाला शिकवायला. शिकवताना मला बाहेर बसवा. मी तिथे असले की काम माझ्याकडेच येतं.

आणि पुरुषांची बैठक घ्या, गावातच, तालमीत किंवा दूध संस्थेच्या सभेत. २८९ आणि ८८ हे दोन आकडे त्यांच्यासमोर मांडा. ते ऐकणार नाहीत असं आधीच धरून चालू नका. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कुंकू आणि बांगड्यांवर ठराव करू शकणारा हा जिल्हा बाईच्या झोपेवरही करू शकतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे. आमच्या गावच्या पुढच्या महिला सभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्यापैकी एका डॉक्टरने तेव्हा हजर राहावं, ही वेगळी विनंती. दूध संस्थेचा हॉल संध्याकाळच्या संकलनानंतर मोकळा असतो, खुर्च्या आणि टेबलं मी लावून ठेवीन.

सोबत माझं कार्ड परत पाठवते आहे. तुमचा शेरा मी खोडलेला नाही. त्याच्याखाली मोकळ्या जागेत काल रात्री उठले त्या वेळा लिहिल्या आहेत: ११.१०, १.०५, ३.१५, आणि ४.३० ला कायमची. त्या तुमच्या नोंदवहीत चढवून घ्या, आणि शेरा दुरुस्त करून कार्ड मला परत करा.

आपली,
दूध संस्थेत काम करणारी एक बाई
ता. करवीर, जि. कोल्हापूर